कोन बदलता येणारा अडसर: गोल्फचा स्लाइस घरच्या गच्चीवर कसा घालवायचा

पहिली दोन वर्षं मी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिलो, की कॅडी (खेळाडूची पिशवी उचलणारा) मी मारायच्या आधीच उजवीकडच्या झाडांजवळ जाऊन थांबायचा. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर झाडांना तोटा नाही आणि माझे निम्मे चेंडू तिथेच जायचे. निघताना बरा वाटणारा चेंडू अर्ध्या वाटेत मान वळवायचा आणि थेट झाडीत. बडोद्यात वाढल्यामुळे मला तो क्रिकेटच्या भाषेतच समजायचा: मारला मिड-ऑफला, गेला पॉइंटला. गोल्फमध्ये याला स्लाइस म्हणतात आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचं हे सर्वांत मोठं दुखणं आहे.

या काळात मी दोन साधनं विकत घेतली. एक बिजागरीचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, जो स्विंग (काठी फिरवणं) वाकडा झाला की मधेच मोडतो. दुसरा जड डोक्याचा. दोन्ही आज माळ्यावर आहेत. शेवटी उपयोगी पडलं ते घरी बनवलेलं साधन: पोहायला शिकणाऱ्या मुलांना देतात ती फोमची लांब नळी, अर्धा इंची पाइपचा तुकडा आणि प्लायवूडचा एक स्टँड. नळी तिरकी उभी राहते, तिचा कोन बदलता येतो, चेंडूपासूनचं अंतर बदलता येतं. डाऊनस्विंगमध्ये, म्हणजे चेंडूकडे खाली येताना, क्लब तिच्या खालून गेला तर ठीक. वरून आला तर नळीला लागतो आणि फट् असा आवाज होतो. मी त्याला अडसर म्हणतो.

बनवायला एक दुपार पुरते. पण वापरताना बहुतेक लोक एकाच जागी चुकतात, म्हणून ते आधीच सांगतो: पहिल्या दिवशी अडसर जितका सैल लावता येईल तितका लावा. माझे वडील लहानपणी आखाड्यात करेला, म्हणजे व्यायामाचा जड लाकडी मुद्गल, फिरवायला शिकले. त्यांचे वस्ताद नव्या मुलाला मैदानाच्या मधोमध उभं करायचे, हात मोकळा झाला की थोडं भिंतीकडे सरकवायचे, मग आणखी थोडं. शेवटी भिंत वीतभर अंतरावर असायची आणि करेला तिला न लागता फिरायचा. ज्यांना घाई होती ते पहिल्या आठवड्यातच भिंतीशी जाऊन उभे राहायचे आणि शिकायचे काय, तर कोपर वाचवायला. त्यांचा करेला पुढे कधी मोकळा फिरलाच नाही, असं वडील सांगायचे. गोल्फच्या अडसराचं अगदी तसंच आहे.

आधी रोग कोणता ते बघा

सगळे स्लाइस एका कारणाने होत नाहीत आणि हा अडसर सगळ्यांवर चालत नाही. क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) आणि चेंडू यांची गाठ जेमतेम अर्धा मिलिसेकंद पडते. त्या क्षणी फेस जिकडे बघत असेल, चेंडू मुख्यतः तिकडे निघतो. पुढे तो किती वळणार हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. मार्गाच्या मानाने फेस उजवीकडे उघडा असेल, तर चेंडू उजवीकडे वळतो.

म्हणून रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दहा चेंडू मारा आणि प्रत्येकाचे फक्त दोन प्रश्न वहीत लिहा: निघाला कुठे, वळला कुठे?

डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल, तर क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून तुमच्याकडे, येतोय. डावीकडे निघून सरळ डावीकडेच जात असेल, तरी मार्ग तोच, फक्त फेस मार्गाशी काटकोनात आहे. डिव्हॉट बघा, म्हणजे क्लबने उकरलेला गवताचा तुकडा. त्याची चर टार्गेटच्या डावीकडे बोट दाखवत असेल, तर शंकाच नको. या दोन्ही प्रकारांसाठी अडसर चांगला.

पण चेंडू उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे वळत असेल, तर थांबा. तुमचा मार्ग कदाचित ठीक आहे आणि फेस उघडा राहतोय. त्यासाठी आधी ग्रिप बघा. क्लब धरल्यावर वरून पाहताना डाव्या मुठीवरचे, बोटांच्या मुळाशी असलेले किमान दोन सांधे दिसले पाहिजेत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली घडी उजव्या खांद्याच्या दिशेने रोखलेली हवी. क्रिकेटमधून आलेल्यांची डाव्या हाताची पकड बहुतेक वेळा फार सैल आणि डावीकडे फिरलेली असते. ती सुधारल्यावर बऱ्याच लोकांना स्टँड बांधायची गरजच उरत नाही. मग पैसे वाचले म्हणून शेवउसळ खायला जा.

मार्गाची खात्री फोनवर करता येते. फोन तुमच्या उजवीकडे, टार्गेटच्या विरुद्ध बाजूला, हातांच्या उंचीवर आणि हातांच्याच रेषेत ठेवा. स्लो मोशन लावा, सेकंदाला २४० फ्रेम असतील तर उत्तम. डाऊनस्विंगमध्ये शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, जमिनीला समांतर होतो ती फ्रेम थांबवा. क्लबहेड, म्हणजे क्लबचं डोकं, हातांच्या साधारण आड दिसलं पाहिजे. ते हातांच्या पलीकडे, चेंडूच्या बाजूला बाहेर लटकत असेल, तर तुम्ही वरून येताय. माझं क्लबहेड हातांपासून वीतभर बाहेर होतं. तो व्हिडिओ मी कुणालाही दाखवलेला नाही.

फोन तिरका ठेवला तर सगळं चित्र खोटं येतं. तो जास्त डावीकडे किंवा उजवीकडे असेल, तर चांगला स्विंगही वाईट दिसतो आणि वाईट चांगला. दर वेळी एकाच जागी ठेवायला गच्चीवर चुन्याची खूण करा.

अडसर काम कसा करतो

चेंडूसमोर नीट उभे राहिलात, की शाफ्ट जमिनीशी एक कोन करतो. हा कोन क्लबगणिक बदलतो. ड्रायव्हर हा क्लब सर्वांत लांब असतो, तुम्ही दूर उभे राहता, म्हणून शाफ्ट जास्त आडवा: साधारण ५८ अंश. सेव्हन आयर्न हा मधल्या लांबीचा क्लब ६२ च्या आसपास, आखूड पिचिंग वेज ६४ च्या आसपास. या कोनातून एक तिरकी पाटी मागे-पुढे पसरलेली आहे अशी कल्पना करा. अमेरिकन गोल्फपटू बेन होगन यांनी १९५७ मध्ये खांद्यांवर टेकलेल्या काचेच्या तावदानाची कल्पना मांडली. आपली पाटी त्यापेक्षा खालची, शाफ्टची आहे. डाऊनस्विंगमध्ये कमरेच्या उंचीवर क्लबहेड या पाटीच्या जवळपास असायला हवं. स्लाइसवाल्याचं त्याच्या बरंच वर असतं.

अडसर म्हणजे याच पाटीला समांतर, पण तिच्या थोडी बाहेर उभी केलेली फोमची नळी. पाटीवरून येणारा क्लब तिच्या खालून निघतो. वरून, बाहेरून येणारा तिच्यावर आपटतो.

थोडा हिशेब केला की मांडणीचा गोंधळ होत नाही. ६२ अंशांत नळी ७५ सेंटिमीटर उंचीवर आपल्या पायथ्यापासून ४० सेंटिमीटर आत, म्हणजे तुमच्याकडे झुकलेली असते. ५८ अंशांत हेच अंतर ४७ होतं आणि ६७ अंशांत ३२. म्हणजे कोन जितका उभा, तितकी कमरेपाशी मोकळी जागा जास्त. पायथा चेंडूच्या रेषेपासून बाहेर सरकवला, की तशीच जागा वाढते. सैल आणि घट्ट करायचे हे दोन स्क्रू.

सामान

पोहण्याच्या सामानाच्या दुकानात मिळणारी फोमची नळी एक. जाडी सहा-सात सेंटिमीटर, मधे आरपार भोक. ती ८० सेंटिमीटर लांब कापायची. अर्धा इंची पीव्हीसी पाइप ४५ सेंटिमीटर, याची बाहेरची जाडी २१ मिलिमीटर असते आणि नळीच्या भोकात तो घट्ट जातो. बुडासाठी १८ मिलिमीटर प्लायवूड, ५० बाय ४० सेंटिमीटर. दोन गालांसाठी १२ मिलिमीटर प्लायवूड, प्रत्येकी २५ सेंटिमीटर उंच आणि ३० रुंद. सहा मिलिमीटरचे दोन लांब बोल्ट, वायसर आणि हाताने फिरवता येणारे विंग नट. चार एल पट्ट्या, स्क्रू. दोन विटा.

प्लायवूड दुकानातच कापून घ्या, त्यांच्या कटरवर पाच मिनिटांत होतं. माझ्या मापांकडे बघून दुकानदाराने विचारलं, "आ शुं बनावो छो, काका?" मी म्हटलं, पिंजरा. गोल्फ म्हटलं असतं तर भाव वाढला असता.

नळीत लोखंडी सळई किंवा बांबूची काठी घालायचा मोह होतो, कारण फोम टोकाला थोडा झुकतो. घालू नका. साध्या हौशी खेळाडूचं क्लबहेड ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने येतं. काठी मोडली तर टोक कुठे जाईल सांगता येत नाही, आणि शाफ्टला खोक पडली तर नुकसान वेगळं. नळी दोन-चार सेंटिमीटर झुकली तर झुकू द्या.

बांधणी

१. एका गालाच्या खालच्या कडेपासून चार सेंटिमीटर वर, रुंदीच्या मधोमध, एक खूण करा. हे फिरण्याचं भोक.

२. या खुणेवर कंपासपेटीतला कोनमापक ठेवून आडव्या रेषेपासून ४५, ५०, ५५, ६०, ६५ आणि ७० अंशांच्या रेषा काढा. प्रत्येक रेषेवर खुणेपासून बरोबर १५ सेंटिमीटरवर ठिपका द्या. दोन ठिपक्यांत १.३ सेंटिमीटर अंतर येईल. तसं येत नसेल तर कोन पुन्हा मोजा.

३. दोन्ही गाल एकावर एक शिकंज्यात धरून सगळी भोकं एकदमच पाडा, सहा मिलिमीटरच्या बिटने. वेगवेगळी पाडलीत तर बोल्ट आरपार जाणार नाही आणि मग कानस घेऊन बसावं लागेल. मी बसलो होतो.

४. पाइपला खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर एक आणि तिथून बरोबर १५ सेंटिमीटरवर दुसरं भोक पाडा. दोन्ही एकाच रेषेत हवीत, नाहीतर पाइप वाकडा बसतो.

५. गाल बुडावर उभे करा. दोघांमध्ये पाइप आणि दोन वायसर मावतील एवढीच फट ठेवा, साधारण २४ मिलिमीटर. एल पट्ट्यांनी बाहेरून आवळा. गाल बुडाच्या एका लांब कडेजवळ असू द्या, म्हणजे दुसऱ्या बाजूला विटा ठेवायला जागा राहते. नळी गालांकडच्या कडेवरून बाहेर झुकते आणि विटा तिला मागे तोलून धरतात.

६. खालच्या भोकात एक बोल्ट कायमचा. दुसरा बोल्ट हव्या त्या कोनाच्या भोकातून पाइपच्या वरच्या भोकात. दोन्हींवर विंग नट. बोल्टची टोकं बाहेर आली असतील, तर कापून त्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा.

७. पाइपच्या वरच्या भागावर फोमची नळी चढवा. ती किमान १५ सेंटिमीटर आत जायला हवी. वर मोकळा फोम राहतो, जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंत. क्लब लागतो तो याच भागाला, कडक पाइप खालीच राहतो.

कोनांचे आकडे मार्करने गालावर लिहून टाका. आज आठवतात, पुढच्या महिन्यात आठवत नाहीत.

स्वतःचा कोन मोजा

वर दिलेले अंश कारखान्यातले आहेत. तुम्ही उंच असाल, हात वर धरत असाल किंवा चेंडूवर जास्त वाकत असाल, तर प्रत्यक्षातला कोन दोन-चार अंश इकडे तिकडे होतो. सेव्हन आयर्न घेऊन नेहमीसारखे उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी फोन शाफ्टला लावून धरायला सांगा. फोनच्या लेव्हलमध्ये कोन दिसतो. तीन वेळा मोजा, मधला आकडा घ्या. माझा ६१ निघाला.

हा आकडा आला, की सुरुवात त्याच्यापेक्षा जास्त अंशांच्या भोकाने करायची. ६१ असेल तर ६५. पुढे घट्ट करताना ६०. ड्रायव्हरसाठी आधी ६०, नंतर ५५, पण ड्रायव्हरला महिनाभर हातच लावू नका.

मांडणी

गच्चीवर काथ्याची जाड चटई, तिच्यावर कृत्रिम गवताचा तुकडा. चेंडू म्हणून फक्त फोमचे किंवा भोकांचे प्लॅस्टिकचे. खरा चेंडू जवळजवळ ४६ ग्रॅमचा असतो आणि शेजारच्यांची पाण्याची टाकी प्लॅस्टिकची. भक्कम जाळी असल्याशिवाय खरा चेंडू घरी मारायचा नाही, जाळी असली तरी मागे भिंत हवी.

टार्गेटची रेषा खडूने आखा. चेंडू तिच्यावर ठेवा. चेंडूपासून टार्गेटच्या उलट दिशेला, म्हणजे तुमच्या उजवीकडे, १ मीटर १० सेंटिमीटर मोजा. तिथून रेषेच्या पलीकडे, तुमच्यापासून दूर, ३० सेंटिमीटर. पाइपच्या फिरण्याच्या भोकाखालचा बिंदू इथे आला पाहिजे. नळी तुमच्याकडे झुकलेली असेल. दोन विटा बुडाच्या पलीकडच्या बाजूला. डावखुऱ्यांनी सगळं आरशासारखं उलट करावं.

आता क्लब न घेता अडसराजवळ उभे राहून बघा: नळीचं वरचं टोक तुमच्या बेंबीच्या आसपास असावं. त्याच्या वर गेलं, तर बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे वर नेताना, हात अडकण्याची भीती असते. नळी खाली सरकवा किंवा कापा.

मग अगदी सावकाश, मारुतीला प्रदक्षिणा घातल्यासारखे पाच स्विंग. क्लब वर जाताना आणि खाली येताना नळीला स्पर्शही होता कामा नये. होत असेल तर ३० चे ४० सेंटिमीटर करा. लाज वाटायचं कारण नाही.

चार आठवडे

रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास ठोकत बसण्यापेक्षा हे बरं.

पहिल्या आठवड्यात चेंडूच नको. ६५ अंश, ३० सेंटिमीटर. क्लब वर न्या, थांबा. खाली कमरेपर्यंत आणा, थांबा. शाफ्ट आडवा, क्लबहेड नळीच्या खाली आत आहे का, मान वळवून बघा. परत वर. असं तीनदा करून मग पूर्ण स्विंग. वरून खाली यायची सुरुवात कुठून होते, हा इथला खरा प्रश्न. स्लाइसवाल्याचा उजवा खांदा आधी निघतो आणि चेंडूवर चाल करून जातो, कव्हर ड्राइव्हला पुढे झेपावल्यासारखा. त्याऐवजी वजन डाव्या टाचेवर जाऊ द्या, उजवं कोपर खिशाकडे पडू द्या आणि पाठ टार्गेटकडे एक क्षण जास्त राहू द्या. तो एक क्षण सापडला, की नळी आपोआप दूर राहते.

पहिले तीन दिवस मला हे इतकं विचित्र वाटलं, की क्लब पाठीमागे कुठेतरी हरवलाय असं वाटायचं. व्हिडिओत पाहिलं तर जेमतेम चार बोटांचा फरक पडला होता. अंगाला जे फार वाटतं ते डोळ्याला थोडं दिसतं. म्हणून रोजचा एक व्हिडिओ काढायचाच.

दुसऱ्या आठवड्यात अडसर तिथेच आणि फोमचा चेंडू. हात कमरेपासून कमरेपर्यंत, अर्धा स्विंग. लय मोजायला माझी एक युक्ती: वर नेताना मनात "एक, दोन, तीन" आणि खाली येताना फक्त "चार". चांगल्या खेळाडूंमध्ये बॅकस्विंगला डाऊनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो, त्यामुळे हा हिशेब जुळतो. घाई झाली की पहिल्यांदा हेच बिघडतं आणि नळीवर फट् होतं.

वीस चेंडूंपैकी अठरा नळीला न लागता गेले, तरच पुढचं माप. हा नियम मी स्वतःसाठी केला आणि मोडायचा मोह रोज झाला. अठरा होत नसतील तर त्याच मापावर राहा, आठवडा दहा दिवसांचा झाला तरी चालेल.

तिसऱ्या आठवड्यात पायथा २० सेंटिमीटरवर, कोन ६५ च. पाऊण स्विंग. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, अंतर किंवा कोन. दोन्ही एकदम बदललेत, तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही. इथे चटईवर रेषेच्या दोन्ही बाजूंना खडूची पूड पसरून ठेवतो. क्लबने काढलेली पुसट रेघ मार्ग सांगते: ती टार्गेटच्या दिशेने किंवा किंचित उजवीकडे असावी.

चौथ्यात कोन ६०, अंतर २०, पूर्ण स्विंग. जमलं तर शेवटचे दोन दिवस १५ सेंटिमीटर. याच्या आत जाऊ नका. क्लबहेडचं टोक पाटीच्या बाहेर आलेलं असतं आणि नळीची स्वतःची जाडी आहे. १५ च्या आत उत्तम स्विंगही नळीला लागेल आणि चांगली सवय मोडेल.

हे सगळं करताना एक नोंद: पाच स्विंग अडसर लावून, पाच अडसर बाजूला काढून. पहिल्या दिवसापासून. सतत नळी समोर असेल, तर तुम्ही नळीभोवती खेळायला शिकता आणि ती काढली की जुना खांदा परत निघतो.

बिघडतं कुठे

सर्वांत मोठी फसवणूक म्हणजे चुकवणं. नळीला लागू नये म्हणून माणूस नकळत चेंडूपासून दूर उभा राहतो किंवा हात पोटाजवळ ओढून घेतो. आकडा अठरा येतो आणि स्विंग होता तसाच. यावर उपाय सोपा: चटईवर दोन्ही पावलांच्या खुणा खडूने करून ठेवा आणि दर वेळी त्याच जागी उभे राहा.

दुसरं, औषध जास्त होणं. दोन-तीन आठवड्यांनी काही जण इतक्या आतून येऊ लागतात, की चेंडू उजवीकडे निघून जोरात डावीकडे वळतो किंवा क्लबच्या सांध्यावर लागून भलतीकडेच उडतो, म्हणजे शँक होतो. खडूची रेघ टार्गेटच्या फार उजवीकडे जाऊ लागली, की समजा. कोन पुन्हा ६५ करा, अंतर ३० करा आणि आठवडाभर नळी असून नसल्यासारखी वापरा. इथे आणखी घट्ट केलंत, तर एका खड्ड्यातून दुसऱ्यात.

चेंडू आता सरळ डावीकडे जातोय, असं झालं तर घाबरू नका. बऱ्याच वर्षांचा स्लाइस सांभाळायला तुम्ही डावीकडे रोखून उभे राहायला शिकला आहात. मार्ग सुधारला, पण पावलं अजून जुन्या सवयीने डावीकडे. खडूची रेषा बघा आणि पावलं तिला समांतर करा.

कंबर दुखत असेल तर अडसर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीनंतर थंड अंगाने स्विंग करू नये, दहा बैठका आणि खांद्यांचे फेरे आधी.

बडोद्याच्या गच्चीसाठी

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो. फोम उन्हात महिनाभर राहिला तर कडक होऊन भुगा पडायला लागतो, पाइपही हळूहळू वाकतो. काम झालं की नळी उतरवून सावलीत. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, म्हणून बांधायच्या आधीच त्याला ऑइल पेंटचे दोन हात द्या, विशेषतः कापलेल्या कडांना आणि भोकांना. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आठवड्यात गच्ची आपली नसते, हे वेगळं सांगायला नको. पण त्यानंतर सराव सुरू करायच्या आधी गच्ची नीट झाडा. मांजा बोल्टभोवती गुंडाळला गेला, की दिसत नाही आणि बोट कापतो. लहान मुलं असतील, तर स्विंगच्या मागे-पुढे तीन मीटरच्या आत कुणी येणार नाही, असा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

कोर्सवर

रेंजवर अडसर न्यायला हरकत नाही, फक्त शेजारच्या जागेत त्याची नळी घुसू देऊ नका. फेरी सुरू झाल्यावर मात्र तो गाडीत राहिला पाहिजे. गोल्फच्या नियमांपैकी ४.३ नुसार फेरी चालू असताना स्विंगचं साधन किंवा दिशा दाखवणारी काठी वापरून सराव करता येत नाही. पहिल्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजतात त्या खेळात, दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्या वेळी बाद. पिशवीत काठी नुसती असणं गुन्हा नाही, वापरणं आहे. हौशी चौकडीत कुणी दंड करणार नाही, पण स्पर्धा असली की लोकांना नियम बरोबर आठवतात.

पहिल्या काही फेऱ्यांत ड्रायव्हर पिशवीतच राहू द्या. सेव्हन आयर्न आणि पाच नंबरचा हायब्रीड क्लब घेऊन खेळा. टीवर मनात तीन-एकची लय आणि डावी टाच, याखेरीज काही आणू नका. सहाव्या-सातव्या होलला थकवा आला की जुना खांदा डोकावतो. मला आजही होतं. तेव्हा पुढचे दोन फटके पाऊण ताकदीने मारतो.

अडसर आता माझ्या जिन्याखाली असतो. महिन्यातून एकदा काढतो, ६५ अंश आणि ३० सेंटिमीटरवर लावतो, वीस चेंडू मारतो. अठरा गेले तर परत जिन्याखाली. मागच्या महिन्यात चौदाच गेले, त्यामुळे सध्या तो गच्चीवर आहे.